मुंगसापासून मॉन्गूसपर्यंत: इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

1. एखाद्या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती शोधायची म्हणजे नेमके काय शोधायचे?

शब्द इंग्रजीत केव्हापासून लिहिलेला सापडतो, तो कोणत्या वाटेने तेथवर पोहोचला आणि त्या वाटेवर त्याचे रूप व अर्थ कसकसे बदलत गेले, एवढे शोधायचे. 'मूळ शब्द कोणता?' हा प्रश्न खरे तर सर्वांत शेवटी येतो, पण आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रे त्यानेच सुरू होतात. दोन शब्द कानाला सारखे लागले की मूळ सापडले असे वाटते आणि मग वाट तपासण्याचे कोणालाच सुचत नाही. खालील उत्तरांत शक्य तेथे आम्ही 'मॉन्गूस' हाच शब्द उदाहरणादाखल घेतला आहे, कारण त्याची वाट आपल्या अंगणातून जाते आणि तरीही ती वाटते तितकी सरळ नाही.

2. माझ्याकडे फक्त इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. सुरुवात कुठून करू?

द्वैभाषिक कोश अर्थ सांगतो, इतिहास सांगत नाही. त्यामुळे प्रथम ऐतिहासिक कोश पाहावा, म्हणजे प्रत्येक अर्थाखाली जुन्या लेखनातील दाखले वर्षासह देणारा कोश. इंग्रजीसाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा यांतील प्रमुख कोश होय. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत 1857 मध्ये त्याची कल्पना पुढे आली, पहिला भाग 1884 मध्ये छापला गेला आणि काम 1928 मध्ये पुरे झाले. 2000 पासून त्याच्या नोंदी नव्याने तपासून संकेतस्थळावर टाकल्या जात आहेत. नोंद उघडल्यावर ती सुधारलेली आहे की जुनीच आहे हे आधी पाहावे, कारण न सुधारलेल्या नोंदीतील व्युत्पत्ती शंभर वर्षांपूर्वीच्या माहितीवर बेतलेली असू शकते.

भारतातून गेलेल्या शब्दांसाठी हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' (1886, विल्यम क्रुक यांची वाढवलेली आवृत्ती 1903) अजूनही हाताशी लागतो. तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. तेथेच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857), टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश आणि बरो व एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोशही आहे. आधी इंग्रजी कोश, मग मोल्सवर्थ, मग टर्नर, आणि तेथे काही न मिळाल्यास द्राविड कोश, असा क्रम ठेवला तर फेऱ्या कमी होतात.

3. शब्दकोशात शब्दापुढे जे पहिले वर्ष दिलेले असते, त्या वर्षी तो शब्द जन्मला का?

नाही. त्या वर्षाचा सर्वांत जुना लेखी दाखला कोशकारांना सापडला, एवढाच त्याचा अर्थ. शब्द तोंडी त्याआधी कितीतरी वर्षे रुळलेला असू शकतो.

याशिवाय वर्ष नेमके कशाचे, हाही प्रश्न असतो. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1672 च्या अखेरीस इंग्लंडहून निघाला, मुंबई-सुरतेस राहिला, जुन्नरलाही जाऊन आला आणि मायदेशी परतला. त्याचे प्रवासवर्णन मात्र 1698 मध्ये छापले गेले. मुंगूस हा फेरेटसारखा (फेरेट म्हणजे युरोपातील एक लांबट, छोटा मांसाहारी प्राणी) प्राणी आहे असे त्यात म्हटले आहे. 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये हा दाखला 1673 खाली आहे, म्हणजे प्रवासाच्या वर्षाखाली, तर ऑक्सफर्डच्या कोशात 1698 खाली, म्हणजे छपाईच्या वर्षाखाली. दोन कोशांत पंचवीस वर्षांचा फरक दिसला की कोणीतरी चुकले असे समजून वाचक आम्हाला लिहितात. येथे चूक कोणाचीच नाही, दोघांच्या मोजण्याच्या रीती तेवढ्या वेगळ्या आहेत.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रतींत शोध घेताना आणखी एक अडचण येते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा व मधला एस लांब दांडीचा असे आणि तो एफसारखा दिसे. संगणक तो बहुधा एफच वाचतो. 'मॉन्गूस'मधला एस शेवटच्या ईच्या आधी येत असल्याने तोही लांबच छापला जाई. त्यामुळे अशा पुस्तकात शब्द शोधताना एसच्या जागी एफ घालूनही एकदा शोधावे. सरळ शोधात 'सापडले नाही' असे उत्तर आलेला शब्द पुष्कळदा असा शोधल्यावर पान उघडून समोर येतो.

4. 'मॉन्गूस' हा शब्द मराठीतून इंग्रजीत गेला, हे खरे का?

नजीकचे मूळ म्हणून मराठीचे नाव घेणे योग्य आहे. मात्र येथे भावनेपेक्षा भूगोल उपयोगी पडतो.

इंग्रज प्रथम सुरतेस उतरले. तेथील गुजरातीत या प्राण्याला 'नोळियो' म्हणतात, हिंदीत 'नेवला' म्हणतात आणि या दोन्ही शब्दांचा संबंध संस्कृत 'नकुल'शी आहे. त्यांतून 'मॉन्गूस' निघणे शक्य नाही. 'म'ने सुरू होणारा शब्द हवा असेल तर दक्षिणेकडे सरकावे लागते: मराठी व कोकणीत 'मुंगूस', कन्नडात 'मुंगुसि', तेलुगूत 'मुंगिस'. फ्रायरचा वावर ज्या किनाऱ्यावर होता तेथे मराठी-कोकणी बोलली जाई, आणि त्याच किनाऱ्यावर त्याच्याही दीड शतक आधीपासून पोर्तुगीज नांदत होते. पोर्तुगीजमध्ये 'मांगुस्तो' आणि फ्रेंचमध्ये 'मांगूस्त' अशी रूपे आहेत. त्यामुळे इंग्रजांनी हा शब्द मराठी माणसाच्या तोंडून घेतला की पोर्तुगिजांच्या, यावर कोशांत 'कदाचित पोर्तुगीजमार्गे' अशी सावध पुस्ती असते. तो 'कदाचित' लेख लिहिताना गाळू नये.

आता मराठी 'मुंगूस' कोठून आला? 'नकुल'पासून तर नव्हेच. कन्नड आणि तेलुगू रूपे पाहता तो मुळात द्राविड असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काही कोश प्राकृतातील 'मंगुस' या रूपाकडे बोट दाखवतात. या दोन मतांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, कारण द्राविड शब्द प्राकृतात शिरल्याची उदाहरणे आहेत. 'मॉन्गूस हा मराठीने जगाला दिलेला अस्सल मराठी शब्द' या वाक्यात 'मराठीने दिलेला' ठीक आहे. 'अस्सल मराठी' म्हणताना मात्र कानडी शेजाऱ्याला विचारून घ्यावे.

शब्दाचा प्रवास इंग्रजीत थांबला नाही. प्राणिशास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील पट्टेरी मुंगसाला 'मुंगोस मुंगो' असे शास्त्रीय नाव दिले, त्यामुळे आपल्या भागातल्या प्राण्याचे नाव आज अशा एका प्राण्याच्या माथी आहे जो भारतात आढळतच नाही.

5. 'मॉन्गूस'च्या शेवटी 'गूस' म्हणजे हंसजातीचा पक्षी कसा काय आला? आणि अनेकवचन 'मॉन्गीस' का होत नाही?

पक्षी आलाच नाही, आले आहे फक्त त्याचे स्पेलिंग. परक्या शब्दाचा काही भाग ओळखीच्या शब्दासारखा करून घेण्याची सवय सर्व भाषकांना असते. तिला लोकव्युत्पत्ती म्हणतात. या शब्दाची इंग्रजीतील जुनी स्पेलिंगे अनेक होती, पण ज्यात 'गूस' पूर्ण दिसतो तेच टिकले. शब्दाचा गूसशी संबंध नसल्याने अनेकवचनही नेहमीच्या नियमाने 'मॉन्गूसेस' असे होते. 'गूस'चे 'गीस' होण्यामागे जुन्या जर्मानिक भाषांतील (म्हणजे इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या त्या भाषांतील) स्वरबदल आहे आणि तो बदल होऊन गेल्यानंतर सुमारे हजार वर्षांनी हा शब्द इंग्रजीत आला.

गंमत अशी की खुद्द 'गूस' हा शब्द मात्र आपल्या नात्यातला आहे. जर्मनमध्ये त्या पक्ष्याला 'गान्स' म्हणतात, लॅटिनमध्ये 'आन्सेर' आणि संस्कृतात 'हंस'. या भाषांनी तो एकमेकींकडून घेतलेला नाही, एकाच प्राचीन वारशातून तो त्यांच्याकडे आला आहे. इंग्रजीने मधला 'न' गमावला, जसा तिने 'दंत'च्या नात्यातल्या 'टूथ'मधला आणि 'पंच'च्या नात्यातल्या 'फाइव्ह'मधला अनुनासिकही गमावला. म्हणजे जो शब्द मराठी किनाऱ्यावरून गेला त्यात पक्षी नाही, आणि ज्यात पक्षी आहे तो कोठूनही गेलेला नाही. या दोन प्रकारांतील भेद पुढच्या उत्तरात आहे.

6. 'नेम' आणि 'नाम', 'थ्री' आणि 'त्रि' इतके सारखे आहेत. मग इंग्रजीने हे शब्द संस्कृतातून घेतले असे का म्हणू नये?

कारण उसना शब्द आणि सगोत्र शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मॉन्गूस' उसना आहे: एका भाषेतून दुसरीत, विशिष्ट काळात, विशिष्ट वाटेने गेलेला. 'नेम' सगोत्र आहे. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही भाषा ज्या आद्य इंडो-युरोपीय भाषेतून निघाल्या, तिच्याकडून दोघींना तो वारसा म्हणून मिळाला. चुलतभावांची नाकेडोळे सारखी असली म्हणून त्यांतला एक दुसऱ्याचा मुलगा ठरत नाही. सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य मांडले. या भाषांचा उगम एका समान भाषेत असावा आणि ती भाषा कदाचित आज अस्तित्वात नसेल, असा त्यांचा कयास होता.

सगोत्रता साम्यावरून ठरत नाही, ध्वनींच्या नियमित जुळणीवरून ठरते. संस्कृत 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो (पितृ, फादर, पाद, फूट), 'त'च्या जागी 'थ' (त्रि, थ्री) आणि 'द'च्या जागी 'ट' (दश, टेन, द्वि, टू). याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये ही मांडणी नियमबद्ध केली.

7. मग दोन शब्दांचा अर्थही सारखा आणि उच्चारही सारखा, तरी संबंध नाही, असे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. इंग्रजी 'बॅड' आणि फारसी 'बद' (आपला 'बदनाम'मधला) यांचा अर्थ एकच असला तरी त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. लॅटिन 'दिएस' हा शब्द आपल्या 'दिवस'चा नातलग आहे, पण त्याच अर्थाचा इंग्रजी 'डे' नाही. प्रश्न 6 मधील नियम लावून पाहिला तर कारण कळते: संस्कृत किंवा लॅटिन 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' हवा होता आणि येथे 'ड' आहे. जे शब्द फारच सारखे दिसतात त्यांचाच अधिक संशय घ्यावा, हा या क्षेत्रातील जुना शहाणपणा आहे.

8. 'पाथ' आणि 'पथ' यांचे काय? येथे तर 'प'चा 'फ' झालेला नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्याने प्रश्न 6 नीट वाचला आहे. वारशाने आलेला असता तर शब्द 'फ'ने सुरू व्हायला हवा होता, आणि तसा एक शब्द इंग्रजीत आहेही. 'फाइंड' या क्रियापदाचे मूळ 'पंथा'च्या मुळाशी जोडले जाते. 'पाथ' मात्र फक्त पश्चिम जर्मानिक भाषांत सापडतो आणि नियम मोडतो. 'प'चा 'फ' होण्याचा काळ सरल्यानंतर तो एखाद्या प्राचीन इराणी भाषेतून उसना घेतला गेला असावा, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर तो 'पथ'चा नातलग ठरतो, पण वारशाने नव्हे, उसनवारीने. वाद मिटलेला नाही आणि लिहिताना तो मिटल्यासारखे लिहू नये.

9. एकच भारतीय शब्द इंग्रजीत दोनदा जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. 'शर्करा' फारसी, अरबी, मध्ययुगीन लॅटिन आणि जुन्या फ्रेंचच्या वाटेने तेराव्या शतकात इंग्रजीत 'शुगर' म्हणून पोहोचली. तीच शर्करा दक्षिणेत मल्याळममध्ये 'चक्कर' झाली, पोर्तुगिजांच्या तोंडी 'जागरा' झाली आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी 'जॅगरी' या रूपाने पुन्हा इंग्रजीत शिरली. आपली 'साखर'ही त्याच घरची. म्हणजे किराणा दुकानाच्या इंग्रजी यादीत 'शुगर' आणि 'जॅगरी' या दोन ओळी वेगळ्या असल्या तरी शब्द मुळात एकच आहे.

10. 'नारंग'चा 'न' इंग्रजीत गळाला आणि 'ऑरेंज' झाले, असे वाचले. ते बरोबर आहे का?

'न' गळाला हे बरोबर, इंग्रजीत गळाला हे चूक. संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज' आणि स्पॅनिश 'नारांहा' येथवर 'न' टिकून आहे. तो गेला इटालियन आणि फ्रेंचमध्ये, आणि इंग्रजीला शब्द मिळाला तो फ्रेंचकडून, 'न' गेल्यानंतरच. गोंधळ होतो तो 'एप्रन', 'अॅडर' आणि 'अंपायर' या शब्दांमुळे. त्यांचा सुरुवातीचा 'न' खरोखर इंग्रजीतच आधीच्या 'अ' या उपपदाला चिकटून निघून गेला. क्रिकेटचा अंपायर जुन्या इंग्रजी लेखनात 'नंपायर' असा भेटतो.

11. 'पॉश', 'बॉम्बे डक' अशा शब्दांच्या सुरस कथा व्हॉट्सअॅपवर येतात. त्या कशा तपासाव्यात?

कथेतील प्रत्येक वस्तूचे वर्ष काढावे. बहुतेक कथा तेथेच कोसळतात.

'पॉश'विषयी सांगतात की मुंबईला येणाऱ्या बोटीत जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीतली खोली मिळणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावीकडे, परतताना उजवीकडे) यांची चार आद्याक्षरे छापलेली असत. असे एकही तिकीट आजवर कोणी दाखवलेले नाही. आद्याक्षरांपासून शब्द बनवण्याची रीतही मुख्यतः विसाव्या शतकातली आहे, तेव्हा त्याआधीच्या शब्दासाठी अशी कथा आली की थांबावे. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, ही कथाही याच माळेतली. तो साधे 'न्यू'चे अनेकवचन आहे.

'बॉम्बे डक'विषयी सांगतात की सुके बोंबील रेल्वेच्या टपालडब्यातून जात, त्या डब्याला 'बॉम्बे डाक'चा वास येई आणि त्यावरून हे नाव पडले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, आणि 'बॉम्बे डक' हे शब्द त्याआधी काही दशके छापलेले सापडतात. जो प्रवासी प्रश्न 3 मध्ये भेटला त्या फ्रायरनेच माझगावच्या कोळ्यांचा हा मासा 'बंबेलो' या नावाने नोंदवला आहे आणि तो गरिबांचे अन्न आहे असे म्हटले आहे. त्याच्या 'बंबेलो'त आपला 'बोंबील' स्पष्ट ऐकू येतो. बोंबलाला बदक का म्हटले, याचे समाधानकारक उत्तर मात्र पुढे आलेले नाही.

12. पेयाचे नाव 'पंच' हे 'पाच'वरून आले, असे जुना कोश म्हणतो आणि नवा शंका घेतो. कोणाचे मानावे?

दोन्हींची कारणे वाचावीत आणि मग ठरवावे. 'पाच'च्या बाजूने साक्षीदार पुन्हा फ्रायरच आहे. गोव्याच्या दारूपासून इंग्रज हे पेय पाच जिनसा घालून करतात आणि 'पंच' म्हणजे हिंदुस्थानीत पाच, असे त्याने लिहून ठेवले. समकालीन माणसाची साक्ष म्हणून ती मोलाची वाटते. पण हा शब्द इंग्रजीत 1632 पासून आहे, म्हणजे फ्रायर येथे येण्याआधी चाळीस वर्षे. तेव्हा त्याने दिलेली व्युत्पत्ती ही साक्ष नसून तर्क आहे, जसा आजचा एखादा पुणेकर 'इडली'विषयी करील. जुन्या कृतींत जिनसाही नेहमी पाचच नसतात. नवे कोश 'पंचन' या पिंपाच्या नावाचाही पर्याय ठेवतात. आमच्या मते येथे 'अनिश्चित' हेच उत्तर लिहावे. कोशातील 'व्युत्पत्ती अज्ञात' या शेऱ्याचा वाचकांना राग येतो, पण त्यामागे बहुधा अनेक तर्क तपासून टाकून दिलेले असतात.

13. अर्थ पूर्ण बदलला असेल तर शब्द तोच आहे हे कसे ओळखायचे?

मधल्या पायऱ्या दाखवता आल्या पाहिजेत. 'शाम्पू' हिंदी 'चाँपना'च्या आज्ञार्थी 'चाँपो' या रूपावरून आला. अठराव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ अंग रगडणे, चेपणे एवढाच होता. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदाने इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे स्नानगृह काढले तेव्हाही तो बाष्पस्नान व मालीश असाच होता. मालिशीतून डोके चोळणे, चोळण्यातून केस धुणे आणि अखेर ज्याने धुवायचे ते द्रव्य, अशा पायऱ्या एकोणिसाव्या शतकापासूनच्या दाखल्यांत दिसतात. त्या द्रव्याच्या बाटलीसह शब्द परत भारतात आला आणि आता आपण तो इंग्रजी समजून वापरतो. अशी एकही मधली पायरी नसेल, तर प्रश्न 7 पुन्हा वाचावा.

14. व्युत्पत्तीत काही शब्दांपुढे तारका असते. ती कशासाठी?

ते रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही, सगोत्र शब्दांची तुलना करून अभ्यासकांनी ते अनुमानाने उभे केले आहे, असे तारका सांगते. आद्य इंडो-युरोपीय भाषेचे प्रत्येक रूप तारांकितच असते. उतरवून घेताना तारका गाळली की अनुमानाचा दाखला होऊन बसतो.

15. कोशातील वर्षापेक्षा जुना दाखला मला सापडला. आता काय करावे?

प्रथम पुस्तकाचे मुखपृष्ठामागचे पान पाहून आवृत्तीचे वर्ष खात्रीने नोंदवावे. डिजिटल ग्रंथालयांत नंतरच्या आवृत्तीला पहिल्या आवृत्तीचे, किंवा मासिकाच्या सर्व अंकांना पहिल्या अंकाचे वर्ष लावलेले वारंवार आढळते. मग शब्द ज्या वाक्यात आहे ते पूर्ण वाक्य, पृष्ठक्रमांक आणि पानाचे छायाचित्र एकत्र ठेवावे, आणि शब्द त्याच अर्थाने आला आहे ना हे तपासावे. ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक वाचकांकडून असे दाखले त्यांच्या संकेतस्थळावर स्वीकारतात. एकोणिसाव्या शतकात हेच काम स्वयंसेवक कागदाच्या चिठ्ठ्यांवर करीत: वर शब्द, त्याखाली वर्ष, लेखक, पुस्तक, पान, आणि मग वाक्य. आजही नोंद याच क्रमाने पाठवली तर संपादकाला ती तपासणे सोपे जाते.